पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय? आधी पुठ्ठा घाला

जानेवारीतली सकाळ, नोएडातल्या आमच्या सोसायटीचं बेसमेंट, आणि वॉचमन सांगतो, "साहब, आपकी गाड़ी तेल छोड़ रही है।" गॅरेजवाल्याने खाली न वाकताच निदान केलं: रॅक बदलावा लागेल. आकडा ऐकून मी गाडी परत आणली. शेवटी काम एका क्लिपवर भागलं. दर वेळी असं होत नाही, म्हणून आज नीट बोलूया.

आधी बघा, तुमच्या गाडीत हे तेल आहे का. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे गळायला काहीच नाही. जुन्या बोलेरो, सुमो, पहिली इनोव्हा यांत मात्र पंप आणि तेलाची छोटी टाकी असते.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा घाला. सकाळी लालसर, तेलकट डाग दिसला तर संशय पक्का. काळपट असेल तर बहुधा इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पाणी असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर तो एसी, चहा प्या. पण जुनं झालेलं स्टिअरिंगचं तेलही काळवंडतं, म्हणून टाकीची पातळी पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

आता जागा शोधायची. इंजिन थंड असताना टाकी, पंप आणि नळ्या फडक्याने कोरड्या पुसा. मग गाडी चालू करून स्टिअरिंग दोन-तीनदा दोन्हीकडे फिरवा आणि बंद करून बघा, कुठे ओलं झालंय. चालू इंजिनात नळीवरून बोट फिरवू नका. टायरमध्ये हवा साधारण ३२ पीएसआय असते. पंपाच्या दाबाच्या नळीत पूर्ण वळणावर १००० पीएसआयच्या वर दाब जातो. बारीक छिद्रातली धार कातडी भेदते.

टाकीकडे परत येणारी रबरी नळी मात्र कमी दाबाची. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर आणि जानेवारीत ५ च्या आसपास. उन्हाळ्यात कडक झालेलं रबर थंडीत आकसतं आणि जुनी क्लिप सैल पडते. माझंही हेच झालं होतं. मोठ्या सिरिंजने टाकीतलं तेल काढलं, क्लिप सोडली. नळीचं टोक तडकलेलं, पण लांबी पुरेशी होती, म्हणून एक सेंटिमीटर कापून नवी स्क्रूची क्लिप बसवली. नळीच बदलायची तर जुना तुकडा घेऊन कश्मीरी गेटच्या बाजारात जा आणि तेल सोसणारी नळी मागा. पाण्याची नळी या तेलाने फुगते.

दाबाची नळी, पंपाचं सील किंवा रॅकचं सील गळत असेल तर हात लावू नका, मिस्त्रीकडे द्या. तिथे टेप, एम-सील काही टिकत नाही. गरम एक्झॉस्टवर तेल ठिबकत असेल तर गाडी चालवूच नका, ते पेट घेऊ शकतं.

तेल कोणतं ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सगळी सीलं फुगून खराब होतात. मग पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू टोकापासून टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा. इंजिन चालू केल्यावर टोकाला धरून ठेवू नका, पंप रडतो.

एनसीआरवाल्यांसाठी एक जादा हिशोब. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने इथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. त्यात पुढे बदल होत आलेत, तेव्हा जुन्या गाडीचा रॅक बदलण्याआधी ताजी स्थिती बघा. क्लिपचा खर्च मात्र बिनधास्त करा.

टाकीवर मार्करने रेघ मारून दोन दिवसांनी पातळी तपासा. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. गटारात ओतलं तर ते यमुनेकडेच जाणार.