भुशावरील धिंगरी

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कराडच्या परिसरात दारे, खिडक्या, नांगर यांसाठी लाकूड चिरले जाते. करवतीखाली पडणारा भुसा बहुधा निरुपयोगी समजला जातो. गुरे तो खात नाहीत आणि तो लवकर कुजतही नाही. परंतु याच भुशावर वाढून माणसास अन्न देणारी एक बुरशी आहे. तिला धिंगरी अळिंबी म्हणतात.

धिंगरीचा आकार शिंपल्यासारखा असतो. हिरव्या वनस्पतींप्रमाणे तिला सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. लाकडातील कठीण द्रव्ये विरघळवून त्यांवरच ती पोसते. जर्मनीत १९१७ साली झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड करण्यात आली. भारतात १९६२ साली म्हैसूर येथील अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ती भाताच्या पेंढ्यावर वाढविण्यात आली.

लागवडीसाठी राळ नसलेल्या, रंग व औषधे न लावलेल्या लाकडाचा भुसा निवडतात. त्यात नत्र अल्प असल्यामुळे थोडा गव्हाचा कोंडा मिसळतात. बारीक भुसा दाबला जाऊन हवा कोंडते, म्हणून पेंढ्याचे तुकडेही घालतात. हे मिश्रण भिजवून वाफेवर चांगले तापवितात. त्यामुळे इतर बुरशा नष्ट होतात. मिश्रण निवल्यावर त्यात बियाणे मिसळून ते छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरतात. काही आठवड्यांत सर्व भुसा पांढऱ्या तंतूंनी व्यापला जातो. नंतर उजेड, खेळती हवा व ओलावा मिळताच धिंगरीचे झुबके बाहेर पडतात.

या पिकास साधारणपणे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान व भरपूर दमटपणा मानवतो. परंतु कराडची हवा बारा महिने सारखी नसते. पावसाळ्यात दमटपणा आयता मिळतो. मात्र त्याच ओलीत हिरवी बुरशी व माश्या बळावतात. तेव्हा पाणी बेताने शिंपडून हवा अधिक खेळती ठेवावी लागते. हिवाळ्यात पांढरी धिंगरी जोमाने येते. परंतु हवा कोरडी असल्याने पाणी वारंवार शिंपडावे लागते. उन्हाळा सर्वांत कठीण. तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की तंतू दुबळे होतात. पिशवीच्या आतील उष्णता तर खोलीतील उष्णतेहूनही अधिक असते. अशा वेळी दुर्लक्ष झाल्यास महिन्याचे श्रम दोन-चार दिवसांत वाया जातात. म्हणून उष्णता सोसणारी गुलाबी धिंगरी निवडतात, छपरावर उसाचे पाचट पसरतात व भिंतींलगत ओले गोणपाट टांगतात.

धिंगरीच्या कडा पूर्ण पसरण्यापूर्वीच तिची तोडणी करतात. उशीर झाल्यास तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळतात व त्यांपासून श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून काम करणारे नाकातोंडास कापड बांधतात. तोडणी संपल्यावर उरलेला भुसा कुजवून शेतास खत म्हणून देता येतो.

ऋतू बदलणे माणसाच्या हाती नाही. पण ऋतू ओळखून जात निवडणे व दक्षता घेणे त्याच्या हाती आहे. असे करणाऱ्यालाच टाकाऊ भुशातून अन्न मिळते.