विडी सुटते तेव्हा

विडीचे व्यसन किती मुरले आहे हे बंडलांच्या संख्येवरून जेवढे कळते, तेवढेच सकाळच्या पहिल्या विडीच्या वेळेवरूनही कळते. डोळे उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ज्याचा हात काडेपेटीकडे जातो, त्याला ती सोडणे जास्त जड जाते. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. रात्रभराच्या झोपेत ते बरेचसे उतरलेले असते आणि मेंदू सकाळी त्याच्यासाठी भुकेला होऊन उठतो. ‘सकाळची एक ओढली की बरे वाटते’ हा ओढणाऱ्याचा अनुभव खोटा नाही. मात्र ते बरे वाटणे म्हणजे बहुतांशी आदल्या विडीने मागे ठेवलेली बेचैनी शमणे असते.

झुरक्यातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथल्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर) ते चिकटते आणि डोपामाइन हे सुखावणारे द्रव्य स्रवते. रोजच्या माऱ्याने या ग्राहींची संख्या वाढते. पुरवठा थांबला की वाढलेले ग्राही रिकामे राहतात, आणि त्यालाच बोलीत तलफ म्हणतात. विडी सोडल्यावर काही आठवड्यांत ही संख्या पुन्हा खाली येते. तलफ ही शरीरात घडणारी आणि मुदत असलेली गोष्ट आहे. ‘मनात आणले तर एका दिवसात सुटते’ असे सुनावणाऱ्या घरच्यांनी आणि पहिल्याच फटक्यात खचणाऱ्या माणसाने, दोघांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विडीबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे: ती पानाची, म्हणून सौम्य. विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात तोडलेले तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे पान, त्यात जेमतेम ०.२ ग्रॅम तंबाखू, वर दोऱ्याची गाठ. सोलापूर आणि सिन्नरसारख्या गावांत बायका घरबसल्या वळतात ती विडी हीच. सिगारेटीपेक्षा तंबाखू कितीतरी कमी, हे खरे. पण पान कागदासारखे सच्छिद्र नसते, त्यामुळे बाहेरची हवा धुरात नीट मिसळत नाही. शिवाय पुढचा झुरका लांबला की विडी विझते. ती पेटती ठेवायची तर जोराने आणि लवकर लवकर ओढावे लागते. म्हणून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कशातच विडीचा धूर सिगारेटीच्या मागे राहत नाही.

सोडल्यानंतरचा काळ कसा जातो, याचे अनुभव बरेचसे सारखे असतात. पहिल्या एकदोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड न ओढणाऱ्याइतका खाली येतो. शरीर सुधारायला लागलेले असते. माणसाला मात्र उलटेच वाटते. चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, झोप तुटते, सारखे काहीतरी खावेसे वाटते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ मात्र थोड्या मिनिटांचीच असते. खोकला काही दिवस वाढू शकतो, कारण धुराने निपचित पडलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. काहींना बद्धकोष्ठ होते. ‘विडीशिवाय पोट साफ होत नाही’ या तक्रारीत तथ्य आहे. निकोटिन आतड्यांच्या हालचालीला चालना देते. पाणी, भाजी आणि चालणे यांवर ते मार्गी लागते. पुष्कळांना स्वप्नात आपण विडी ओढतो आहोत असे दिसते आणि दचकून जाग येते. असे स्वप्न पडले म्हणजे निश्चय ढळला, असे नाही.

चहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपल्याकडे विडी आणि चहा यांची जोडी आहे. तंबाखूच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीन नेहमीपेक्षा वेगाने निकालात काढते. धूर थांबला की हा वेग मंदावतो. मग रोजचेच चार कप शरीराला जास्त लागू पडतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस हे सगळे विडी सोडल्याच्या खात्यावर मांडतो. पहिल्या आठवड्यांत चहा निम्मा केला तर यातला बराच त्रास टळतो. टपरीवरचा कप हातात आला की दुसरा हात खिशात जातो, तेही टळते.

हाताच्या सवयीचा हिशोब तर थक्क करणारा आहे. दिवसाला वीस विड्या आणि विडीमागे दहा झुरके धरले, तर हात दिवसातून दोनशे वेळा तोंडाशी जातो. वर्षाचे ७३ हजार झाले. त्या हाताला काहीतरी द्यावेच लागते. बडीशेप, लवंग, पाण्याची बाटली, काहीही चालेल. तंबाखू-चुना मात्र नाही. महाराष्ट्रात विडी सोडून मळलेली तंबाखू दाढेत धरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी निकोटिन सोडलेले नसते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी केलेली असते.

हळूहळू कमी करावे की एकदम थांबावे? २०१६ साली इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेल्या चाचणीत एकदम थांबणाऱ्यांपैकी २२ टक्के सहा महिन्यांनी टिकून होते, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी साडेपंधरा टक्के. दोन्ही गटांना औषधांची आणि सल्ल्याची मदत होती. कुठल्याही आधाराशिवाय केलेल्या एकेका प्रयत्नात वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच निघतात. म्हणून मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनचे च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळते, पण ते गोळीसारखे चघळत राहिले तर उपयोग होत नाही. जीभ चुरचुरली की ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चुरचुर थांबली की पुन्हा थोडे चावायचे. आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी घ्यायची नाही, कारण त्याने निकोटिन शोषले जात नाही. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या.

‘आता दिवसाला एकच’ ही तडजोड दिसते तितकी स्वस्त नाही. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्यातला जवळपास निम्मा एकाच सिगारेटीने येतो.

पुन्हा ओढणे बहुतेकांच्या वाट्याला येते. लग्नघरी, गावच्या यात्रेत, घरात मृत्यू झाल्यावर रात्र जागवताना कोणीतरी पुढे केलेली एक विडी पुरते. पडलेला माणूस तिथेच बसला तर प्रयत्न संपतो. पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू केला तर मागचे दिवस वाया जात नाहीत, कारण तलफ कुठे आणि कोणाच्या संगतीत येते हे त्याला आता ठाऊक झालेले असते.

सोडून काय मिळते, याचे सर्वांत भक्कम उत्तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून आले. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींची नोंद सुरू केली. डॉल स्वतः धूम्रपान करत असत, आणि आपल्याच आधीच्या संशोधनाचे निष्कर्ष पाहून त्यांनी ते सोडले होते. पन्नास वर्षांचा ताळा २००४ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना ती दहाही वर्षे जवळपास परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन.

भारतात १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो; पाकिटावरच्या इशाऱ्यातही तो छापलेला असतो. घरातल्या साठीच्या माणसाने सोडायचे मनावर घेतले, तर ‘आता या वयात कशाला’ असे त्याला कोणीही म्हणू नये. त्याला तो क्रमांक लावून द्यावा.