मानेवरची गाठ

श्रोतेहो, मानेवर गाठ दिसली की आपण गलगंड म्हणून मोकळे होतो. थांबा, आधी घोटभर पाणी पाजा. गिळताना गळ्यापुढची गाठ वर सरकली, तर ती बहुधा गलगंडाची. त्यासाठीच १९६२ साली सरकारने आयोडीनच्या मिठाची मोहीम काढली.

इस्पितळात मात्र मानेच्या बाजूच्या रसग्रंथींच्या गाठीही पुष्कळ येतात. घसा, दात, उवांच्या जखमा यांनी मुलांत त्या सुजतात, उतरतात. पण माळेसारख्या वाढल्या, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर ती क्षयाची गंडमाळ असू शकते. डागू नका, सरकारी दवाखान्यातले मोफत औषध सहा महिने नेमाने घ्यावे.

आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे विचारायचेच, खर्रा खाता का? त्यांच्या मानेतली टणक, न दुखणारी गाठ फार वाईट. गुरुजी, तुम्हीच त्यांना जिल्ह्याच्या गाडीत बसवून द्या.