रेशमावर उतरणारा समुद्र

मालवाहू जहाजामागे, तारेच्या दोराला बांधलेलं मीटरभर लांबीचं एक धातूचं यंत्र पृष्ठभागाखालून ओढलं जातं. खलाशांनी ते पाण्यात सोडायचं आणि ठरल्या जागी वर काढायचं, एवढंच. विजेची गरज नाही.

पुढच्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकातून पाणी आत शिरतं आणि आडव्या ताणलेल्या रेशमी पट्टीतून गाळलं जातं. मागचा पंखा पाण्याच्या जोरावर फिरतो, त्यावर दंतचक्रं फिरतात आणि पट्टी सावकाश सरकत राहते. अडकलेल्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, रेशमाची दुसरी पट्टी बसते; मग दोन्ही एकत्र फॉर्मलिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावणाच्या टाकीत गुंडाळल्या जातात. दहा सागरी मैलांना साधारण १० सेंटीमीटर रेशीम! त्यामुळे कुठला जीव कुठे सापडला, हे पट्टी मोजून सांगता येतं.

ही कल्पना सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांची. १९२५ ते १९२७ मध्ये 'डिस्कव्हरी' जहाजावरून ते अंटार्क्टिक समुद्रात गेले, ते देवमाशांच्या अभ्यासासाठी. देवमासे क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवांच्या मागे जातात आणि क्रिल कुठे दाट तर कुठे नावालाही नाही. मधूनमधून जाळं टाकून हा विस्कळीतपणा कळणं शक्य नव्हतं. म्हणून हे अखंड गाळत जाणारं यंत्र; त्याच्या मदतीने १९३१ पासून उत्तर समुद्रात नियमित सर्वेक्षण सुरू झालं.

आज या पट्ट्या इंग्लंडमधल्या प्लिमथला येतात. पट्टी उलगडली की आधी तिचा हिरवेपणा नुसत्या डोळ्यांनी ठरवतात. त्याच्या चार पायऱ्या आहेत. मग तुकडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखायचा, मोजायचा. फार चिकाटीचं काम. पद्धत जवळपास तीच ठेवल्यामुळेच कित्येक दशकांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडता येतात. उष्ण पाण्यातले कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्लवक ईशान्य अटलांटिकमध्ये उत्तरेकडे सरकल्याचं २००२ साली दिसलं, ते अशा मोजणीतूनच.

हे नमुने जपून ठेवले, हा निर्णय तर फारच मोलाचा. २००४ साली सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी जुन्या पट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा १९६० च्या दशकापासूनचे प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू त्यांत सापडले. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लुइजी वेझुली यांच्या गटाने फॉर्मलिनमध्ये तुटलेल्या डीएनएचे बारीक तुकडे वाचून उत्तर समुद्रातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा माग काढला. कॉलरा होतो तो याच कुळातल्या एका जिवाणूमुळे. पाणी तापत गेलं, तसं प्लवकांवरचं व्हिब्रिओंचं प्रमाणही वाढत गेलं होतं.