शरणपुराची वेस

भाविकहो, रानात दोघे लाकडं तोडतायत. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं, सोबत्याला लागलं, तो जागीच गेला. मनात वैर नव्हतं. पण रक्त सांडलं ते सांडलंच. आता सूड घेणारा नातलग मागं लागणार. अशासाठी देवानं इस्राएलात ६ शरणपुरं नेमली. यार्देनेच्या पश्चिमेस केदेश, शखेम, हेब्रोन; पूर्वेस बेसेर, रामोथ, गोलान. (नाशिकच्या शरणपुरात राहणाऱ्यांनी हे विसरू नये बरं!) मुद्दाम खून करणाऱ्याला मात्र तिथं थारा नव्हता.

आता गणनेचा ३५ वा अध्याय नीट वाचा. तो वेशीबाहेर पडला आणि सूड घेणाऱ्यानं गाठून मारलं, तर मारणाऱ्यावर दोष नाही. तुम्ही म्हणाल, ही तर कैदच! शेत पडीक, आई आजारी, एक रात्र जाऊन यावं, असं मन म्हणणारच. आपलंही म्हणतं. पण त्या माणसाला विचारा, रात्री निवांत झोप कशामुळं लागते? वेशीमुळंच की!

आणि मुदत किती? पैसे भरून सुटका नाही. प्रमुख याजक मरेपर्यंत आत राहायचं; तो मेला की हा मोकळा, आपल्या वतनावर परत. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताला प्रमुख याजक म्हटलंय. आपला हा याजक कालवरीवर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. आता पुन्हा मरायचा नाही. मग आपण वतनावर की वेशीत? मला विचाराल तर दोन्हीकडे. तो मेला म्हणून वतनावर आलो, तो जिवंत आहे म्हणून अजून वेशीतच आहोत.