साथ आणि अंगावर काढलेले दुखणे

साथ आली म्हणजे माणसे दोन प्रकारे दगावतात. काही साथीच्या रोगाने. आणि काही अशा दुखण्यांनी, की ज्यांचा साथीशी संबंध नसतो, पण साथीच्या भयाने ज्यांचे उपचार लांबतात. पहिल्यांची मोजदाद होते. दुसऱ्यांची फारशी होत नाही. मला आज या दुसऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

पुण्याला हे नवे नाही. १८९७ साली प्लेगमध्ये रँडचे सोल्जर घरोघर झडती घेत आणि रोग्यास छावणीत नेत. लोकांनी धसका घेऊन आजारी माणसे लपविली. त्याच साली सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. ती सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. जुलमाने रोगी लपतो, विश्वासाने तो दवाखान्यात येतो.

२०२० साली २५ मार्चला टाळेबंदी लागली. वाहने थांबली. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय मुख्यतः कोरोनासाठी राखले गेले. त्या दिवसांत माणच्या एका कंत्राटी कामगाराच्या छातीत रात्री कळ आली. ‘दवाखान्यात गेलो तर चौदा दिवस अडकवतील, खाडे पडतील,’ असे तो मला फोनवर म्हणाला. मीही म्हणालो, ‘पित्त असेल, सकाळी बघू.’ तो वाचला. परंतु हृदय कायमचे दुबळे झाले आणि ओझ्याचे काम सुटले. ती चूक माझी होती.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते. बारा तासांनंतर त्याचा फारसा लाभ नाही. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

क्षयाचे दुखणे सावकाश चालते, म्हणून ते अधिक फसवे. देशात २०१९ साली क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले, २०२० साली सुमारे १८ लाख. क्षय घटला नव्हता. रोगी घरी खोकत होते, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या सोबत्यांना रोग देत होते.

तेव्हा छातीत दाब, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, धाप लागणे, गर्भारपणी रक्तस्राव, यांपैकी काही झाले तर साथ असो वा नसो, लगेच १०८ ला फोन करावा. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासावी.

पण नुसता उपदेश पुरत नाही. कामगार दुखणे अंगावर काढतो तो अडाणीपणाने नव्हे, रोजंदारीच्या हिशेबाने. राज्य कामगार विम्यात पात्र विमेदारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के आजारभत्ता आहे. आपल्या ठेकेदाराने आपली नोंद केली आहे की नाही, हे प्रत्येकाने आजच पाहावे. पुढची साथ आल्यावर ते पाहण्यास सवड मिळणार नाही.