पूर्वपक्षानें घडविलेला कादंबरीकार

धर्मविषयक ग्रंथ लिहिणारा मनुष्य मुळापासूनच श्रद्धाळू असावयाचा, निदान स्वधर्माच्या ग्रंथांत तरी तो पारंगत असावयाचा, अशी आपली सामान्य समजूत असते. 'बेन-हर' या जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीच्या कर्त्याचें चरित्र या समजुतीस बाध आणणारें आहे. ख्रिस्ताच्या काळावरील हा प्रचंड ग्रंथ हातीं घेतला त्या वेळीं जनरल ल्यू वॉलेस यांचा ईश्वराविषयीं किंवा ख्रिस्ताविषयीं कोणताच निश्चय झालेला नव्हता. विश्वासही नव्हता आणि अविश्वासही नव्हता. ही गोष्ट त्यांनीं पुढें स्वतःच मोकळेपणानें सांगितलेली आहे.

वॉलेस यांचा जन्म १० एप्रिल १८२७ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत ब्रुकव्हिल या गांवीं झाला. वडील डेव्हिड वॉलेस हे १८३७ पासून १८४० पर्यंत त्या प्रांताचे गव्हर्नर होते. मुलगा बुद्धीनें तल्लख, परंतु शाळेंत म्हणून टिकावयाचा नाहीं. रानांत भटकावें, चित्रें काढावीं, हातीं लागेल तें पुस्तक वाचून काढावें, असा त्याचा क्रम. अखेर सोळाव्या वर्षीं वडिलांनीं, आतां आपलें पोट आपण भरावें असें बजाविलें, आणि चिरंजीव सरकारी कचेरींत दस्तऐवजांच्या नकला करण्याच्या कामास लागले. (अशीं मुलें आम्हां शिक्षकांच्या पाहण्यांत पुष्कळ येतात, त्यांच्याविषयीं भविष्य वर्तविण्याचें धाडस निदान मी तरी करीत नाहीं.) मेक्सिकोच्या पाडावाचा प्रेस्कॉट यांनीं लिहिलेला इतिहास वाचून त्याच सुमारास त्यांनीं एक कादंबरी आरंभिली. तिचें नांव 'दि फेअर गॉड'. ती छापून बाहेर पडली १८७३ सालीं! मध्यंतरीं तीस वर्षें लोटलीं. वकिली झाली, १८५२ सालीं विवाह झाला, दोन युद्धें झालीं. पण कागदांची ती चवड कांहीं त्यांनीं टाकून दिली नाहीं.

या दोन युद्धांपैकीं दुसरें म्हणजे अमेरिकेंतील यादवी युद्ध. त्यांत वॉलेस लवकरच मेजर-जनरलच्या पदास चढले, आणि त्यांतच त्यांच्या आयुष्यास एक शल्य कायमचें जडलें. ६ एप्रिल १८६२ रोजीं शायलोच्या रणभूमीवर सेनापति ग्रँट यांच्या सैन्यावर अचानक हल्ला झाला. वॉलेस यांची तुकडी कांहीं मैलांवर होती. तीस बोलावणें गेलें. परंतु हुकूम कोणत्या वाटेनें येण्याचा होता याविषयीं घोटाळा झाला, तुकडीस अर्ध्या वाटेवरून उलट वळावें लागलें, आणि ती रणांगणावर पोहोंचली तेव्हां दिवस मावळलेला होता. दोन दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून तेवीस हजारांहून अधिक लोक मृत, जखमी अथवा बेपत्ता झाले. एवढ्या अनर्थाचा दोष कोणाच्या तरी माथीं जावयास हवाच होता. त्याचा मोठा वांटा वॉलेस यांच्या माथीं गेला. पुढें १८६४ च्या जुलैंत मोनोकसी नदीवर थोड्याशा फौजेनिशीं शत्रूस एक दिवस अडवून त्यांनीं वॉशिंग्टन राजधानी वांचविण्यास मोठेंच साह्य केलें. तरी शायलोचा डाग पुसला जाईना. कैफियती, पत्रें, साक्षी यांत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं.

अशा मनःस्थितींत १८७६ सालचा तो प्रसिद्ध आगगाडीचा प्रवास घडला. जुन्या सैनिकांच्या मेळाव्यासाठीं वॉलेस इंडियानापोलिसला निघाले होते. त्याच गाडींत कर्नल रॉबर्ट इंगरसॉल हे होते. इंगरसॉल म्हणजे त्या देशांतील त्या काळचे चार्वाकच म्हणावयाचे. वक्तृत्व असें कीं विरोधकांनींही पैसे देऊन व्याख्यानास जावें. ईश्वर आहे काय, ख्रिस्त देव कीं मनुष्य, परलोक आहे काय, अशा प्रश्नांवर ते सुमारें दोन तास अस्खलित बोलले. वॉलेस यांस एकाही मुद्द्याचें उत्तर देतां आलें नाहीं. आणि होय म्हणून मान डोलविण्याइतकेंही ज्ञान आपणांपाशीं नाहीं हें त्यांस कळून चुकलें. स्टेशनावर उतरल्यावर ट्रामगाडींत न बसतां ते अंधारांत एकटेच भावाच्या घरापर्यंत पायीं चालत गेले. आपण ज्या धर्मांत वाढलों त्याविषयीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपण इतके अज्ञ असावें, याची त्यांस लाज वाटली.

येथें माझ्या मतें खरें मर्म आहे. आपल्या शास्त्रकारांनीं पूर्वपक्षास केवढें महत्त्व दिलें आहे! प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याहून चांगलें मांडतां आल्यावांचून सिद्धान्तास हात घालूं नये, ही त्यांची शिस्त. घरांतील तरुण मंडळी आज देवधर्मासंबंधीं प्रश्न करूं लागली कीं आपण वडील मंडळी एक तर रागावतों, नाहीं तर हंसून विषय बदलतों. वॉलेस यांनीं दोन्ही केलें नाहीं. ते अभ्यासास बसले.

पौर्वात्य देशांतील तीन ज्ञानी पुरुष तारा पाहून बालख्रिस्ताच्या दर्शनास निघाले, ही बायबलांतील कथा त्यांनीं आधींच एखाद्या मासिकासाठीं म्हणून लिहून टेबलाच्या खणांत टाकून ठेविली होती. तीच बाहेर काढून ख्रिस्ताच्या क्रूसारोहणापर्यंत कथानक न्यावयाचें त्यांनीं ठरविलें. प्रवचनें आणि टीकाग्रंथ दूर ठेवून मूळ ग्रंथच वाचावयाचा, हा त्यांचा नियम. पॅलेस्टाइन देश त्यांनीं तोंवर डोळ्यांनीं पाहिलेलाही नव्हता. म्हणून नकाशे मागविले. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयांत बसून रोमन जहाजांच्या वल्ह्यांची रचना, यहुदी लोकांचे पोशाख, झाडें, वाटा, डोंगर यांचा बारकाईनें शोध घेतला. ख्रिस्ताच्या तोंडीं स्वकपोलकल्पित असें एकही वाक्य घालावयाचें नाहीं, शुभवर्तमानांत आहेत तेच शब्द घालावयाचे, आणि त्याला रंगभूमीवरील पात्राप्रमाणें वारंवार पुढें आणावयाचें नाहीं, असा निर्बंधही त्यांनीं स्वतःवर घालून घेतला. पौराणिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या आपल्याकडील लेखकांनीं हा संयम अवश्य पाहावा. क्रॉफर्ड्सव्हिल येथील त्यांच्या घराजवळ एका विस्तीर्ण बीच वृक्षाखालीं यांतील पुष्कळसा भाग लिहिला गेला.

तोंच १८७८ सालीं न्यू मेक्सिको प्रांताच्या गव्हर्नरपदावर त्यांची नेमणूक झाली. प्रांत कसला, बंडाळीचें आगरच! लिंकन परगण्यांत दोन टोळ्यांमध्यें उघड युद्ध चाललेलें. त्यांतील 'बिली द किड' या नांवाच्या नामांकित पोरसवदा खुन्याची वॉलेस यांनीं १८७९ च्या मार्चमध्यें स्वतः गुप्तपणें भेट घेतली. दिवसा असला कारभार आटोपावा, आणि रात्रीं सांता फे येथील जुनाट मातीच्या राजवाड्यांत दिवा लावून येरुशलेमच्या वाटेस लागावें. बाहेरून कोणी दिव्याच्या रोखानें गोळी झाडील म्हणून पत्नी सुझन यांनीं खिडक्या लावून घेण्याचा आग्रह धरला होता. क्रूसारोहणाचा प्रसंग याच कोंदट खोलींत लिहिला गेला.

कथेचा नायक यहूदा बेन-हर हा येरुशलेममधील एका धनाढ्य घराण्यांतील तरुण. घराच्या गच्चीवरून त्याच्या हाताच्या धक्क्यानें कौल निसटतें आणि खालून जाणाऱ्या रोमन सुभेदाराच्या डोक्यावर पडतें. बालमित्र मेसाला हाच त्यास पकडून देतो. त्यास जहाजावर वल्हें ओढण्याची शिक्षा होते, आई व बहीण अंधारकोठडींत कुष्ठरोगी होतात. अंत्युखियाच्या मैदानांतील रथांची शर्यत तर सर्वश्रुतच आहे. वर्णनें फार लांबलेलीं आहेत, योगायोगही जरा जास्तच आहेत, आणि भाषा भरजरी आहे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु मला या कथेंत शर्यतीहून दुसरीच गोष्ट मोठी वाटते. बेन-हर येणाऱ्या राजासाठीं गुप्तपणें पलटणी उभ्या करतो. आणि राजा येतो तो तरवारीचें राज्य मागावयास आलेलाच नसतो. लेखक स्वतः सेनापति होता, आणि सैन्य वेळेवर न पोहोंचल्याचा ठपका त्याजवर होता, हें ध्यानांत ठेवून शेवटचीं प्रकरणें वाचावीं.

१२ नोव्हेंबर १८८० रोजीं न्यूयॉर्कच्या हार्पर मंडळींनीं पुस्तक प्रसिद्ध केलें. पहिल्या सात महिन्यांत प्रती खपल्या अवघ्या २,८०० च्या आसपास. मग मात्र वाचकांनींच एकमेकांस सांगून तें वाढविलें. कादंबरीस पाप समजणाऱ्या घरांतूनही या एका कादंबरीस प्रवेश मिळाला. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांस ती इतकी आवडली कीं त्यांनीं वॉलेस यांस तुर्कस्तानांत वकील म्हणून पाठविलें. तेथून पॅलेस्टाइनचा प्रवास घडला, आणि न पाहतां केलेलीं वर्णनें बदलण्याचें कारण आपणांस दिसलें नाहीं असें त्यांनीं लिहून ठेविलें. नाटक करण्यास मात्र त्यांनीं कित्येक वर्षें परवानगी दिली नाहीं. १८९९ सालीं दिली ती, ख्रिस्ताच्या जागीं नट न आणतां केवळ प्रकाशाचा झोत दाखवावा, या अटीवर. १९५९ च्या चित्रपटास ऑस्करचीं अकरा पारितोषिकें मिळालीं, तें तर आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक असेल.

शायलोविषयीं ग्रँट यांनीं आपल्या आठवणींत १८८५ सालीं एक टीप घालून दोष बराच सौम्य केला. आणि श्रद्धेचें काय? लिहितां लिहितां आपली ईश्वरावर आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर पूर्ण निष्ठा बसली, असें वॉलेस सांगत. तरी कोणत्याही चर्चचे ते सभासद झाले नाहींत.

अर्पणपत्रिकेंत त्यांनीं आपल्या तारुण्यांतील सहचारिणीचा असा कांहीं उल्लेख केला होता कीं वाचकांस पत्नी निवर्तली असें वाटून सांत्वनाचीं पत्रें येऊं लागलीं. पुढील आवृत्तींत ती अद्याप सोबत असल्याचे शब्द वाढवावे लागले. १५ फेब्रुवारी १९०५ रोजीं वॉलेस वारले, तेव्हां त्यांचें आत्मचरित्र अपुरें होतें. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ सालीं 'ख्रिस्तायन' अर्धवट सोडून गेले आणि लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें, हें मराठी वाचकांस माहीत आहेच. सुझन वॉलेस यांनींही पतीचे कागद जुळवून, दुसऱ्या एका लेखिकेच्या साह्यानें, तें आत्मचरित्र १९०६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलें. आणि पुढच्याच वर्षीं त्याही गेल्या.